फिरंग्याच्या नावाने एक ओंजळ

पडक्या भिंतींचा नाद आमच्या मावशीच्या दिरांना होता तेवढा ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि कुणाला लागू नये अशी त्या काळी मी देवाजवळ मनापासून प्रार्थना करीत असे. कारण त्या नादापायी बैलांच्या दमणीत बसून ज्याची हाडे खिळखिळी होत तो माणूस मी होतो. मावशीचे दीर म्हणजे नात्याने माझे नेमके कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांना काका म्हणे आणि ते मला ‘अहो मास्तर’ म्हणत. मी तेव्हा ठाण्याच्या इंग्रजी शाळेत शिकवीत होतो. बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी पटकीच्या साथीत गेली, मूलबाळ नव्हते, आणि मासुंदा तळ्याच्या काठी एका खोलीत एकटा जीव सदाशिव असा माझा संसार चालला होता. काका कल्याणला. त्यांचीही बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, एकुलती एक मुलगी यमू सासरी गेलेली, आणि घरात बोलायला एक साळुंकी, तीही त्यांच्याशी फारशी बोलत नसे. सुटीचा दिवस आला की त्याचे काय करायचे हे आम्हा दोघांनाही कळत नसे. आमची मैत्री जमली ती एवढ्यावरच.

काकांनी उभी हयात कल्याणच्या मामलेदार कचेरीत दप्तर सांभाळण्यात घालवली होती. तिथे जुन्या कागदांचे गठ्ठे लाल फडक्यात बांधून फडताळात ठेवीत आणि त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. पेन्शन घेताना काकांनी कचेरी सोडली, रुमाल सोडला नाही. त्यांच्या घरी पापड रुमालात, छत्री रुमालात, पावसाळ्यात जोडे रुमालात. आणि प्रत्येक गाठीत एक चिठ्ठी खोचलेली. छत्रीच्या चिठ्ठीवर मी स्वतः वाचले आहे : ‘छत्री. एक काडी मोडकी. शेजारी मागून नेली असता मोडली. शेजारी नाकबूल.’ ज्याचा कागद नाही ते जगात घडलेलेच नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. गवळ्याने म्हैस आटली म्हटले, वैद्याने अंगात कडकी आहे म्हटले, तरी काकांचा प्रश्न एकच : “कागद आहे का?” एकदा मावशीच्या घरी पूजेला गुरुजी रंगात येऊन कथा सांगत होते. कथेतल्या व्यापाऱ्याचे गलबत बुडाले, बायका हळहळल्या, आणि काका मागून शांतपणे म्हणाले, “कुठल्या बंदरात बुडालं? बंदरात नोंद असेल.” गुरुजींनी त्या दिवशी गलबत पुन्हा वर काढले ते घाईघाईने. मावशी म्हणे, “आमच्या भावोजींना यमाने न्यायला यायचं तर त्याला आधी परवाना काढावा लागेल.”

असा हा माणूस दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की महिन्यातून एकदा पहिल्या आगगाडीने ठाण्याला येई आणि माझ्या दाराची कडी वाजवी. डोक्याला पागोटे, बगलेत रुमाल, आणि हातात फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. तांब्यात कल्याणच्या त्यांच्या घरच्या विहिरीचे पाणी. तो तांब्या ते कुणाच्या हाती देत नसत. दमणीतही मांडीवर धरून बसत. “मास्तर, चला. फिरंगाणा बघायचा आहे,” एवढेच बोलत. फिरंगाणा म्हणजे पूर्वी वसईपासून ठाण्यापर्यंत फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, जो अंमल होता तो सगळा मुलूख. फिरंगी गेले, मराठे आले, मराठे गेले, इंग्रज आले. पण काकांचा ओढा फिरंग्यांकडे. आधी ठाण्यातले त्यांचे क्रूसाचे देऊळ बाहेरून बघायचे. मग किल्ला. किल्ल्यात सरकारने तुरुंग केलेला, त्यामुळे आत जाता येत नसे. पहाऱ्यावरचा शिपाई दर वेळी हसून म्हणे, “आत जायचा कागद आना, मंग सोडतो. पन बाहेर यायचं तुमचं तुमी बघा.” कागदाचे नाव निघाल्यामुळे काकांना त्या शिपायाबद्दल मोठा आदर होता.

मग माजिवड्यापासून घोडबंदरचा रस्ता लागे. डावीकडे सागाचे आणि ऐनाचे डोंगर, उजवीकडे कापणी झालेली भातखाचरे, त्यांच्या पलीकडे मिठागरांचे चौकोन आणि झाडांच्या फटीतून मधूनच चमकणारी खाडी. इतका देखणा रस्ता मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका खडबडीतही. आमचा गाडीवान मानपाड्याचा आगरी, नेहमीचा ठरलेला. ओवळ्याच्या पुढे झाडी दाट झाली की तो वाघाच्या भीतीने उगाच मोठमोठ्याने बोलू लागे, आणि काका त्याला विचारीत, “इथे वाघ आहे याला पुरावा काय?” तो म्हणे, “काका, पुरावा भेटला त सांगाला आपून रानार नाय.” वाटेत जिथे म्हणून जुना दगड दिसे तिथे गाडी थांबे. काका उतरत, दगडाला प्रदक्षिणा घालीत, रुमाल सोडून त्यात काहीतरी टिपत आणि जवळपास कुणी माणूस असेल त्याला विचारीत, “इथे विहीर आहे का? कुणी खोदली?” देवळांपेक्षा, तटांपेक्षा त्यांना विहिरींचे वेड जास्त, हे हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले होते. एका पाड्यावर एक म्हातारी कपडे धूत होती, तिला त्यांनी गाठले.

“बाई, ही विहीर कुणाची?”

“कुनाची म्हंजे? आमची. आमी पिताव.”

“ते झालं. पण खोदली कुणी?”

“देवान्.”

“कागद आहे?”

म्हातारीने त्यांना पायापासून पागोट्यापर्यंत पाहून घेतले आणि म्हणाली, “पानी हाय. कागद नाय.”

गाडीवान मला बाजूला घेऊन विचारी, “मास्तर, काकांचा काय हरवलाय इकरं?” मी खांदे उडवी. मला वाटे, म्हातारपणी माणसाला कसला ना कसला छंद लागतोच. कुणी जपमाळ ओढतो, हे विहिरी मोजतात. आम्ही एकदा तर खाडी ओलांडून वसईलाही गेलो. तिथला तो अफाट किल्ला, छपरे कोसळलेली देवळे, कमानीतून उगवलेले वड बघून मी भारावून गेलो होतो. काका एका पायरीवर बसले, खाडीपलीकडे घोडबंदरच्या दिशेने तोंड करून. “कसा आहे किल्ला?” मी विचारले. “मोठा आहे,” ते म्हणाले, “परतीची होडी किती वाजता?” ज्या माणसासाठी मी एवढा समुद्राचा वारा खाल्ला त्याचा मला त्या दिवशी भयंकर राग आला होता.

घोडबंदरला मात्र त्यांचा पाय निघत नसे. तिथे टेकडीवर फिरंग्यांचे जुने देऊळ आहे, त्यात साहेब लोकांच्या उतरण्यासाठी सरकारने बंगला केलेला. त्याकडे काका वर मान करून एकदा बघत, बघितले असे रुमालात टिपत, आणि आम्ही खाली रस्त्याकाठच्या एका घरी जाऊन ओट्यावर बसत असू. ते यमूचे सासर. तिचा नवरा मीठ खात्यात कारकून, सतत मिठागरांवर फिरतीवर. घरात सासू. आम्ही आलो की सासूबाई आतून “बसा हो” म्हणत, यमू बाहेर येऊन नमस्कार करी आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राही.

“बरी आहेस?”

“हो.”

“जावईबापू?”

“फिरतीवर आहेत.”

संपले. बापलेकीचे बोलणे एवढेच. मग काका माझ्याकडे वळत आणि फिरंग्यांनी ठाण्याचा किल्ला कसा बांधायला घेतला, कसा अर्धा राहिला, हे सगळे मला खणखणीत आवाजात सांगू लागत. सकाळपासून तेच दोनदा ऐकलेले असे. मी जांभई दाबत असे, आणि यमू चौकटीशी उभी राहून एक शब्द न गाळता ऐकत असे. हे सांगणे माझ्यासाठी नव्हतेच, हे कळायला मला फार वेळ लागला. मग काका तांब्याची फिरकी सोडत, वरून एक घोट घेत, आणि उरलेले सगळे पाणी यमूने पुढे केलेल्या भांड्यात ओतत. ती ते तिथेच उभ्याने पिऊन टाकी. सासूबाईंनी गूळपाणी पाठवले तर ते मी पीत असे; काका हात जोडून म्हणत, “आत्ताच झालं.” तोंड कोरडे पडून ओठांना चिरा गेलेल्या दिसत असल्या तरी “आत्ताच झालं.”

असे सहा-सात फेरे झाल्यावर एका फाल्गुनात काका मला घराच्या मागच्या वाडीत घेऊन गेले. वाडीच्या कोपऱ्यात, रस्त्याला लागून, एक जुनी विहीर होती. कठड्याचे दगड मोठाले, आमच्याकडच्या घडणीचे नव्हेत, आणि त्यांत एक शिळा बसवलेली. शिळेवर अक्षरे. काकांनी पंचाने शिळा पुसली, पागोटे सारखे केले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही इंग्रजी शिकवता. वाचा.”

मी वाकून पाहिले. अक्षरे इंग्रजीच, पण भाषा इंग्रजी नव्हती. फिरंगी असेल, लॅटिन असेल, मला तिचा गंध नव्हता. ‘मला हे वाचता येत नाही’ हे पाच शब्द तिथे मी बोलायला हवे होते. पण ज्याला सारे ठाणे मास्तर म्हणते, ज्याच्याकडून वकील लोक अर्ज लिहून नेतात, त्याच्या तोंडून असे शब्द सहजासहजी बाहेर पडत नाहीत. वर क्रूस कोरलेला दिसत होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “ही थडग्याची शिळा आहे. कुणीतरी फिरंगी मेला, त्याची.”

“थडग्याची? विहिरीवर?”

“मागाहून कुणी आणून बसवली असेल. दगडाला दगड.”

काकांनी शिळेवरून एकदा हात फिरवला. परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही दगडापाशी गाडी थांबवायला सांगितली नाही. गाईमुखाचा झरा गेला, ओवळे गेले, गाडीवान वाघाचे नाव घेऊन थकला. काका रिकामा तांब्या मांडीवर धरून बसून होते.

त्यानंतर ते आले नाहीत. पावसाळ्यात येत नसतच. पण दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला, तरी माझी कडी वाजली नाही. सुटीच्या दिवशी पहाटे मला उगाच जाग येई आणि मी अंथरुणात पडून आगगाडीची शिटी ऐकत राही. ज्या माणसाच्या तावडीतून सुटावे म्हणून मी देवाची आळवणी केली होती, त्याची मी वाट बघत होतो, आणि हे मला स्वतःशीदेखील कबूल करवत नव्हते. शेवटी पौषात मी मावशीकडे कल्याणला गेलो आणि सहज विचारावे तसे विचारले.

मावशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, “अरे, खचलेत ते. त्या विहिरीवर त्यांची सगळी भिस्त होती.”

“विहिरीवर कसली भिस्त?”

“तुला ठाऊक नाही? मग इतके दिवस गाडीत बसून काय केलंत दोघांनी?”

आणि मग तिने सांगितले. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, ही तर जुनी चाल. यमूच्या लग्नाला अकरा वर्षे झाली, मूल नाही, आता आशाही नाही. आई नाही म्हणून सासू तिला माहेरी पाठवीत नाही; आईविना माहेर कसले, म्हणते. आणि बापाने लेकीच्या दारात सारखे जावे तर व्याही लोक काय म्हणतील? म्हणून फिरंगाणा बघायला जायचे. “आपण जाऊन आलो तरी तिच्या हातचा पाण्याचा घोट नाही, हे त्यांना खातं रे. लोक गुपचूप पितात. पण हे पडले कागदाचे माणूस. मग त्यांच्या डोक्यात आलं, ती वाडीतली विहीर जावयाच्या घराची नसून फिरंग्यांनी खोदलेली असली, तर ते पाणी जावयाचं नव्हे. शिळा आहे, म्हणजे पुरावा असणार. वाचणारा हवा होता, म्हणून तुला धरलं.” मावशीने एक खडा काढून बाजूला टाकला. “तू थडगं म्हणालास आणि सगळं मोडलं.”

माझ्या अंगावर कुणी घागरभर गार पाणी ओतले असते तरी मी इतका काकडलो नसतो. काका दोन आळ्या पलीकडे राहत होते. त्या दिवशीच जाऊन खरे काय ते सांगायला हवे होते. मी गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली. पुढच्या सुटीला मी एकटाच दमणी करून घोडबंदरला गेलो, सोबत मोठा कागद आणि कोळसा घेऊन. शिळेवर कागद धरून कोळसा घासला की अक्षरे कागदावर पांढरी उठतात, एवढी विद्या मला शाळेतल्या नकाशांमुळे येत होती. यमू वाडीत आली. माझ्या मागे तिने रस्त्यापर्यंत पाहिले.

“बाबा नाही आले?”

“पुढच्या वेळी येतील.”

“बरे आहेत ना?”

“आहेत.”

ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. चार तास गाडीत धूळ खाल्लेली. मी भांडे तोंडाला लावले आणि घटाघटा रिकामे केले. खाली ठेवताना पाहिले तर ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे, हेव्यानेही नव्हे. नुसती बघत होती, एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी. तेव्हा मला जी शरम वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

ठाण्याच्या देवळातले पाद्री मूळचे वसईकडचे, माझ्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलणारे. कोळशाचा कागद त्यांनी उजेडात धरला आणि हसले. “मास्तर, थडगं कसलं? एका विधवा बाईने नवऱ्याच्या स्मरणार्थ विहीर खोदवली आहे. या वाटेने जो कोणी जाईल त्याच्यासाठी. खाली एक विनंती आहे, की पाणी पिणाऱ्याने माझ्या नवऱ्यासाठी एक प्रार्थना करावी.” नवऱ्याचे नाव होते त्या जागी दगडाचा टवका उडालेला, त्यामुळे ते लागत नव्हते. मी त्यांच्याकडून हे सगळे मराठीत लिहवून, सही आणि वर देवळाचा शिक्का घेऊन कल्याणची गाडी धरली.

काका साळुंकीला डाळ घालीत होते. मी उभ्याउभ्याच बोलून टाकले, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. “काका, मला ती शिळा वाचता येत नव्हती. मी ठोकून दिलं. हे खरं.” आणि कागद पुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. कागद एकदा वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिले, पुन्हा वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवले. मी शिव्यांची वाट बघत होतो. चष्मा काढून ते म्हणाले, “मास्तर, दप्तरात चुकीची नोंद सापडली तर पान फाडायचं नसतं. खाली दुरुस्ती लिहायची असते.” आणि मग, आवाज जरा खाली आणून, “एक वर्ष गेलं मात्र.” तेवढेच एक वाक्य त्यांनी मला त्याबद्दल कधी ऐकवले. ते मला अजून ऐकू येते.

पुढच्या फेरीला काकांचा रुमाल नेहमीच्या दुप्पट जाड होता. घोडबंदरला पोचल्यावर तो सोडला तर आत दोर आणि पोहरा! विहीर फिरंग्याची ठरली तरी दोर जावयाचा निघायला नको. सासूबाईंना वाडीत बोलावून त्यांच्यासमोर काकांनी कागद मोठ्याने वाचला. बाई काही कमी नव्हती. म्हणाली, “म्हणजे विहीर आमची नाही? मग इतकी वर्षं आमच्या केळींना कुणाचं पाणी घालतोय आम्ही?”

“प्रवाशांचं,” काका म्हणाले. “पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.”

“आणि ही बाटलेली विहीर आहे म्हणतात. फिरंग्यांनी हिच्यात पाव टाकला होता. आम्ही हिचं पीत नाही.”

“पाण्याला धर्म नसतो, विहीणबाई. मालक असतो. मी घरी जाऊन पंचगव्य घेईन.”

“दोर तुमचा, पोहरा तुमचा,” सासूबाईंनी यमूकडे बोट केले, “आणि ओढणारे हात कुणाचे?”

ज्या माणसाने बुडालेल्या गलबताची नोंद मागितली होती, त्याने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. ते तो वरपासून खालपर्यंत वाचू लागले, जणू त्यात कुठेतरी हेही लिहिलेले असेल. यमूने तोवर पोहरा खाली सोडला होता. रहाट नव्हता; ती हाताने दोर ओढत होती. अखेर काका म्हणाले, “कन्यादानाचा कागद करीत नाहीत, विहीणबाई,” आणि कागद रुमालात ठेवून दिला. सासूबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, पदर सावरला आणि केळीचे एक वाळके पान तोडण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली. ती बाई पाठ फिरवून बराच वेळ एकच पान तोडत होती. तिच्याबद्दल मी तोवर जे जे वाईट बोललो होतो ते मी त्या दिवशी मागे घेतले.

काका कठड्याशी उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. यमूने पाणी ओतले. पहिली ओंजळ प्यायची सोडून ते डोळे मिटून काही पुटपुटले आणि ती जमिनीवर सोडली. “अट आहे,” ते मला म्हणाले, “त्या बाईच्या नवऱ्याची. फुकट पीत नाही मी.” मग ते प्याले. एक ओंजळ, दोन, पाच; किती प्याले ते मी मोजले नाही. पागोटे मागे सरकले, पाणी कोपरांवरून धोतरावर गळत होते, आणि यमू ओतत होती. नंतर तिने आपल्या भांड्यात कल्याणचे पाणी घेतले आणि दोघे एकमेकांसमोर कठड्यावर बसली.

परतताना मी विचारले, “काका, पाणी कसं होतं?”

“मचूळ. खाडी जवळ आहे ना.” बरेच अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, “थोडंसंच.” आणि वाघबिळाचा उतार लागल्यावर, “पुढची सुटी कधी आहे हो?”

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत आम्ही जात राहिलो. प्रत्येक फेरीनंतर काका घरी जाऊन नाक धरून पंचगव्य घेत आणि तसे टिपून ठेवीत. अट मात्र त्यांनी आपल्या परीने वाढवली. एवढ्याशा पुटपुटण्याने बाईचे उपकार फिटत नाहीत, असे वाटून त्यांनी पितृपक्षात त्या फिरंग्याला तिलांजली द्यायचे ठरवले. गुरुजींनी नाव-गोत्र विचारले. नावाचा टवका उडालेला. आणि गोत्र माहीत नसेल तर काश्यप धरावे असे शास्त्र आहे. अशा रीतीने कुठल्या सातासमुद्रापलीकडचा तो कप्तान की कोण, कल्याणात काश्यपगोत्री झाला आणि दरसाल काकांच्या आईवडिलांच्या पंगतीत बसून पाणी घेऊ लागला. मावशी हसून हसून बेजार झाली. मी हसलो नाही.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी काका झोपेतच गेले. कसलाही परवाना न मागता. मावशीने मला एक रुमाल दिला, माझ्या नावाचा. चिठ्ठीवर लिहिले होते : ‘विहीर, घोडबंदर. अट चालू.’ आत पाद्रीबाबांचा कागद, दोर, पोहरा आणि तो पितळी तांब्या. आणखी एक हिवाळा त्यांना ते पाणी मिळाले असते; तो मी माझ्या फुशारकीपायी घालवला, आणि त्याची दुरुस्ती कुठल्या पानाखाली लिहावी ते मला कळलेले नाही.

यमूला भाऊ नव्हता. म्हणून पितृपक्षात मी आधी माझ्या माणसांना पाणी देतो, मग मावशीच्या दिरांना, आणि सगळ्यांच्या शेवटी त्या काश्यपगोत्री फिरंग्याला. दिवाळीनंतर कल्याणला जाऊन तांब्या भरून आणतो आणि घोडबंदरची दमणी करतो. मला यमूच्या घरचे पाणी चालते, मी तिचा कुणी लागत नाही. तरी मी विहिरीवरच पितो. गाडीवानाचे केस पांढरे झाले, सासूबाई गेल्या, यमूच्या कपाळावरही आता आठ्या दिसतात. मी ठाण्याच्या किल्ल्याची तीच हकीकत सांगतो आणि ती पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकते.

गेल्या खेपेला पाणी पिऊन झाल्यावर मी कठड्यावर बसलो होतो. पेन्शन झाली, चढावर धाप लागते. गमतीने म्हणालो, “यमूताई, या फिरंग्याची बाई मोठी हुशार. दगडावर लिहून ठेवलं, म्हणून इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला पाणी देतं. माझ्यामागे कोण देणार? ना मूल, ना शिळा.”

ती दोर गुंडाळत होती. गुंडाळून झाल्यावर तिने तो रुमालात ठेवला आणि गाठ मारली.

“मास्तर, तर्पण बायकांनी करायचं नसतं म्हणतात,” ती म्हणाली. “पण विहिरीवर येऊन कुणाच्या नावाने एक ओंजळ खाली सोडायला कागद लागत नाही. तुमची मी सोडेन.”

गाडीवानाने बैल जुंपले होते. मी रिकामा तांब्या मांडीवर घेऊन गाडीत बसलो.